बोहनीचा कॉइन

जानरावांना कोणी विचारलं, की आयुष्यभर काय केलं हो तुम्ही, तर ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं नाव काढत नसत आणि नंतर चालवलेल्या मोबाइलच्या दुकानाचंही नाही. ते म्हणत, आपलं गेम होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात चाळिशीतल्या कुठल्याही माणसापुढे 'जानरावचं गेम' एवढं नुसतं म्हणून बघा, त्याचा अंगठा आपोआप हलायला लागतो. दहा बाय बाराची खोली, व्हिडिओ गेमची तीन मशीन, एक खडखडणारा पंखा आणि भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेली ताकीद: लायटर आणणाऱ्याला आत घेतलं जाणार नाही.

ताकीद उगाच नव्हती. गॅसचा लायटर कॉइनच्या फटीपाशी धरून खटकन दाबला, की ठिणगीने मशीन गडबडायचं आणि कॉइन पडला असं समजून फुकट डाव द्यायचं. ही विद्या मोहल्ल्यात कोणत्या दिवट्याने आणली कोण जाणे, पण एका उन्हाळ्यात निम्म्या घरच्या बायका लायटर शोधत फिरत होत्या. जानरावांनी दोघांना रंगेहाथ धरलं होतं आणि त्या दिवसापासून त्यांना प्रत्येक पोराच्या खिशात लायटरच दिसायचा.

दुकान बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली. मशीनचे लाकडी डबे सुताराने नेले, पडदे भंगारात गेले. राहिला एक बोर्ड, म्हणजे मशीनच्या पोटातली चिपांची फळी, 'फौजी' नावाच्या गेमची. त्या गेमचं खरं नाव जपानीत होतं आणि ते वाचणारा माणूस अकोल्यात नव्हता. पडद्यावर फौजी दिसला म्हणून फौजी. टॉवेलात गुंडाळलेला हा बोर्ड लोखंडी कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात होता. बायको गेल्यावर जानरावांनी साड्या वाटून टाकल्या. बोर्ड कोणाला दिला नाही.

त्यांची मुलगी प्रणाली अमरावतीला एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी करते. वडील दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात हे तिला बघवेना. तिने उन्हाळ्यात तो बोर्ड नेऊन नागपूरच्या एका हौशी माणसाकडून त्याच्या चिपा वाचून घेतल्या, म्हणजे आतला गेम फाइल म्हणून उतरवून घेतला. आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी बोर्ड परत घेऊन, स्वतःचा जुना मॅक लॅपटॉप आणि काठी-बटनांची एक पेटी घेऊन ती अकोल्याला येऊन धडकली. म्हणाली, आज तुमचं दुकान उघडायचं.

काय काय बसवायचं ते तिने आधी समजावलं. इम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम. फ्रंटएंड म्हणजे त्याच्यापुढे मांडलेलं दुकान, चित्रं बघायची, हवा तो गेम निवडायचा. जानराव म्हणाले, समजलं, कारागीर आत अन गल्ल्यावर दुसरा, पुढं चाल.

पुढं चालणं इतकं सोपं नव्हतं. मॅकने आधी साफ नकार दिला. हा प्रोग्राम बनवणारा कोण ते आम्हांला ठाऊक नाही, सबब उघडत नाही. सेटिंगमध्ये आत आत शिरून परवानगी द्यावी लागली, वरून पासवर्ड. आपल्याच घरात शिरायले कोनाची चिठ्ठी आनू, असं जानराव पुटपुटले. मग गेमची फाइल एका फोल्डरात आणि फ्रंटएंड शोधतंय दुसऱ्या फोल्डरात, हा घोळ निस्तरण्यात तासभर गेला. चहा दोनदा झाला. शेवटी काळ्या पडद्यावर एकुलती एक पाटी उमटली, 'फौजी', तीही देवनागरीत, आणि मागे जुन्या दुकानाचा फोटो. जानराव चष्मा पुसून पुसून तो फोटो बघत राहिले.

पण त्यांना नुसता फौजी नको होता. आपल्या दुकानात जसा होता तसा पाहिजे होता, तितकाच कठीण, तितक्याच जिवांचा. त्या बोर्डावर आठ बारीक स्विचांची एक पट्टी असते. कोणता वर, कोणता खाली, यावरून गेम कसा वागेल ते ठरतं. जानरावांनी टॉवेल सोडला, बोर्ड उजेडात धरला आणि एकेक वाचून दाखवायला लागले. एक वर, दोन वर, तीन खाली. इम्युलेटरमध्येही तेच आठ स्विच होते; प्रणाली आकडे बघून मॅकवर तसंच करत गेली. कोणता स्विच कशाचा, हे वाचायच्या भानगडीत ती पडली नाही. सहावा वर होता. तिने तोही वर केला.

मग पेटी जोडायला घेतली. कुठलं बटन कशासाठी, हे मॅकला एकेक करून शिकवावं लागतं. काठी झाली, गोळी झाली, उडी झाली. कोपऱ्यातलं लाल बटन कॉइनचं करायचं ठरलं होतं. तेवढ्यात जानरावांना दम धरवेना. एकदा चालू तर कर, म्हणाले.

तिने फौजी निवडला. पडदा काळा झाला, आणि त्या काळोखातच जानरावांचा हात जाऊन लाल बटनावर पडला.

ती त्यांची रोजची रीत होती. सकाळी दुकान उघडलं, की सगळ्यात जुन्या मशीनमध्ये, म्हणजे फौजीत, पहिला कॉइन ते स्वतः टाकत. बोहनी. तीही पडद्यावर चित्र यायच्या आधी, कारण मशीनने सकाळी सकाळी रिकामं तोंड दाखवू नये अशी त्यांची समजूत होती. कॉइन टाकायचा, हात जोडायचे, तोवर चित्र यायचं आणि खालच्या कोपऱ्यात दिसायचं, क्रेडिट एक. तो डाव पहिल्या येणाऱ्या पोराला फुकट. अकरा वर्षांत एकही दिवस ही बोहनी चुकली नाही.

आताही चित्र आलं. खालच्या कोपऱ्यात क्रेडिट एक. जानरावांना भरून आलं. झाली बोहनी, म्हणाले.

प्रणाली पडद्याकडे बघत होती. "बाबा, लाल बटन म्या अजून जोडलंच नाई."

जानराव हसले. म्हणाले, काहीतरी लागलं असेल हाताला. तिने गेम बंद केला, पुन्हा चालू केला. कोणी हात लावला नाही. क्रेडिट एक. तिसऱ्या वेळी जानराव हात पाठीमागे घेऊन बसले. क्रेडिट एक. मग तिने लाल बटन रीतसर जोडलं आणि ते म्हणाले म्हणून पडदा काळा असताना दाबून पाहिलं. तरी एकच, दोन नाही. चित्र आल्यावर दाबलं तेव्हा कुठे दोन झाले.

तिने स्विचांची यादी उघडून वाचली. सहाव्यापुढे लिहिलं होतं, वीज येताच एक क्रेडिट आपोआप जमा. दुरुस्ती करणाऱ्याला तपासणीसाठी दर वेळी कॉइन टाकावा लागू नये म्हणून केलेली ती सोय. आणि वीज आल्यापासून चित्र येईपर्यंत बोर्ड जागाच झालेला नसतो, त्या काही सेकंदांत पडलेला कॉइन तो मोजतच नाही.

म्हणजे अकरा वर्षं बोहनीचा कॉइन वाया जात होता. रोज सकाळी जो एक दिसायचा, तो मशीनने स्वतःहून दिलेला होता.

जानरावांना आठवलं. बोर्ड नवा आणला तेव्हा सोबतच्या कागदावर सगळं जपानी. त्यांनी आगपेटीची काडी घेऊन एकेक स्विच वरखाली करून पाहिला होता. एकाने जीव वाढले, एकाने आवाज बंद झाला. सहाव्याने काहीच फरक पडला नाही, कारण मशीन चालू असताना त्याचा फरक दिसणारच नव्हता. काही होत नाही ना, मग राहू दे वरच, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. काडी धरलेला तो हात आपलाच होता हे त्यांना इतक्या वर्षांनी लख्ख दिसलं.

प्रणाली हळूच म्हणाली, "भगवंत."

तिने नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं, ते त्यांच्या मनात आधीच येऊन बसलं होतं.

भगवंत म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या कौशल्याबाईंचा पोरगा, तेव्हा चौदा वर्षांचा. बाप नव्हता. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईन गेली की बाकीचे पोट्टे घरी पळत, हा एकटा अंधाऱ्या दुकानात फौजीपुढे बसून राहायचा, दोन दोन तास. लाईन आली की कॉइन न घेता खेळायला लागायचा. जानरावांनी चारदा पाहिलं. पाचव्यांदा गचांडी धरली. पोरगं म्हणालं, काका, लाईन आली की मशीनच एक डाव देते. त्यावर जानराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, मशीन काय तुया मामा लागते? लाईन आली म्हणून परतलेले पोट्टे खदाखदा हसले. जानरावांनी त्याच्या खिशात हात घातला आणि लायटर बाहेर काढला.

मग काय विचारता. कानाला धरून ते त्याला घरी घेऊन गेले. कौशल्याबाईंनी लायटर पाहिला आणि म्हणाल्या, तरीच दोन दिवसापासून पेटत नव्हता. तेवढं बोलून त्यांनी पोराला असं मारायला घेतलं, की जानरावांनाच मध्ये पडावं लागलं. पुढे गल्लीत त्या पोराचं नाव 'लायटर' पडलं. मायलेक अमरावतीला निघून गेले तोवर भगवंत हे नाव कोणाच्या तोंडात राहिलं नव्हतं.

दोन दिवसापासून पेटत नव्हता. हे वाक्य जानरावांनी तेव्हा कानांनी ऐकलं होतं. जो लायटर ठिणगीच देत नाही, तो मशीनला फसवेल कसा? रेडिओ-टीव्ही उघडून बसणाऱ्या माणसाने तो एकदा, फक्त एकदा, दाबून पाहायला नको होता?

त्या दुपारी ते जेवले नाहीत. प्रणालीने सांगितलं, की भगवंतचं अमरावतीत साईनगरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, छापखान्याच्या मोटारी तोच भरून देतो. रस्त्यात भेटला तर सगळ्यांची चौकशी करतो, तुमची कधी करत नाही. आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखी म्हणाली, मीही त्याले लायटरच म्हनत होती.

जानरावांनी आठवडाभर स्वतःशी भांडण केलं. इतक्या वर्षांनी कशाला खपली काढायची, तो विसरला असेल, आपलं वय झालं, असली सगळी कारणं काढून झाली. विसरला असेल हे तर त्यांना स्वतःलाच पटेना. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मॅक रुमालात बांधून पिशवीत घातला आणि अमरावतीची एसटी धरली.

स्टँडवर प्रणाली घ्यायला आली होती. साईनगरला भगवंतचं पुढे दुकान, मागे घर. भगवंत तांब्याची तार गुंडाळत बसला होता. अडतीस वर्षांचा, कानशिलं पांढरी झालेली. प्रणालीमागून जानराव आत आले तसा तो उठला, स्टूल पुढे केलं, या म्हणाला. बसा म्हणाला नाही.

जानरावांनी बसमध्ये पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी तू खरं बोलून राह्यला होता. मशीनच देत होतं. थो स्विच म्याच वर ठेवला होता."

भगवंतने तार खाली ठेवली, फडक्याला हात पुसले, बोट बोट पुसलं. "मले मालूम आहे, काका. म्या तवाच सांगतलं होतं तुमाले."

"हो. सांगतलं होतं."

"अन थो लायटर मी तुमच्याचकडे आनला होता. दुरुस्तीले. लाईन येईन, मंग काकाले दाखवीन, म्हनून बसलो होतो."

लाज वाटणं म्हणजे काय ते जानरावांना सहासष्टाव्या वर्षी कळलं. समोरचा माणूस ओरडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

भगवंतच पुढे बोलला. म्हणाला, माझं सोडा, मी कामाला लागलो, लेकराबाळाचा झालो. "आईले सांगा. तिले अजून वाटते, आपलं पोरगं चोर होतं. बोलत नाई, पन वाटते."

तो दोघांना मागे घरात घेऊन गेला. आत स्वयंपाकघरात कौशल्याबाई चहा ठेवत होत्या. सून लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. जानरावांना आतून काडी ओढल्याचा आवाज आला. एक काडी विझली, दुसरी ओढली, तीही विझली, तिसरीला शेगडी पेटली. आता या काळात काडीपेटी कशाला, असं त्यांच्या मनात आलं आणि लगेच कळलंही. भगवंत म्हणाला, तो लायटर आईने त्याच दिवशी मोर्णा नदीत फेकला. सुनेने एकदा हौसेने नवा आणला होता, तर म्हातारी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून या घरात लायटर नाही.

कौशल्याबाई बाहेर आल्या. जानरावांना त्यांनी ओळखलं, पदर सारखा केला, बसा भाऊ म्हणाल्या. कशी तब्येत, वैनी गेल्याचं ऐकलं, असं रीतीचं बोलणं झालं. मग जानरावांनी दिवाणावर मॅक ठेवला आणि म्हणाले, वैनी, तुम्हाले एक दाखवाचं आहे.

बाईंना कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं. जानरावांनी सांगायला सुरुवात केली, बोर्ड, स्विच, वीज, आणि प्रणालीने त्यांचा हात धरून थांबवलं. ती म्हणाली, मावशी, तुम्ही नुसतं पाहा. एका बटनाशिवाय आम्ही कशाला हात लावत नाही. हे बटन दाबलं की लाईन आली, असं समजा. खालच्या कोपऱ्यात आकडा येईल. पोरं कॉइन टाकत तवा थो आकडा येत होता.

पडदा काळा झाला. चित्र आलं. खालच्या कोपऱ्यात एक.

बाईंनी तो आकडा पाहिला, मग तिघांचे हात पाहिले. पुन्हा करा म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा एक. तिसऱ्या वेळी त्यांनी जानरावांना आणि प्रणालीला दिवाणापासून लांब, भिंतीपाशी उभं केलं, बटन कोणतं ते विचारून घेतलं आणि स्वतःच्या बोटाने दाबलं. एक आला.

"मशीनच देत होतं?" त्यांनी जानरावांना विचारलं.

"मशीनच देत होतं, वैनी. माया चुकीनं. पोराची काई चूक नव्हती. म्या आयकलं नाई त्याचं."

कौशल्याबाई भगवंतकडे वळल्या. "तू मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं आई. तू मारून राह्यली होती."

बाई दिवाणावर बसल्या. मग तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. भगवंत जवळ जाऊन उभा राहिला. त्याला काय करावं कळेना, त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. प्रणालीने भिंतीकडे तोंड केलं. आत चहा उतू गेला आणि शेगडी फसफसून विझली, तसा भगवंतनेच आत जाऊन गॅस बंद केला.

बऱ्याच वेळाने कौशल्याबाईंनी डोळे पुसले आणि जानरावांकडे पाहिलं. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "माया घरातला लायटर तुमच्यापाई गेला, भाऊ. आता तुमीच आनून द्या."

जानराव चप्पल घालून निघाले. प्रणाली सोबत येते म्हणाली तर नको म्हणाले. कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानात त्यांनी लायटर मागितला. दुकानदाराने काउंटरवरचा काढून दिला, तर त्यांनी तो दाबून पाहिला. मग दुसरा घेतला, दाबला, तिसरा दाबला. दुकानदार म्हणाला, काका, सगळे सारखेच आहेत. जानराव म्हणाले, तरी दाबून पाहावं लागते बापा.

परत आले तेव्हा सांडलेला चहा पुसून झाला होता आणि भांड्यात नवं पाणी घेऊन ठेवलं होतं. जानरावांनी लायटर कौशल्याबाईंपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. त्या भगवंतला म्हणाल्या, "तू पेटव."

भगवंतने लायटर घेतला. उलटसुलट करून पाहिला आणि किंचित हसला, त्या दिवसातलं पहिलंच. शेगडीपाशी वाकला, गॅसचं बटन फिरवलं आणि खटकन दाबला. पहिल्याच ठिणगीला गॅस पेटला, आणि कौशल्याबाईंनी त्यावर चहाचं भांडं ठेवलं.